खुर्ची नसलेली ताडपत्री

थियाने आपल्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पोटाशी असलेलं सामानाचं दार उघडलं मात्र, आतून बिडाचं एक जड भांडं सुटलं आणि थेट एका परक्या माणसाच्या पायावर जाऊन आदळलं.

“आई गं!” तो माणूस एका पायावर उभा राहिला. हातातला पाण्याचा कॅन मात्र त्याने सोडला नाही. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एक वेळ पाय मोडला तरी चालतो, पाणी सांडलेलं चालत नाही.

“सॉरी, सॉरी! फार लागलं का हो तुम्हाला?”

“छे, छे. देवाने पाय दोन दिलेत...” त्याने वाकून भांडं उचललं, उलटसुलट करून पाहिलं. “चीज वितळवायचं दिसतंय. हे एकच ना?”

“तीन आहेत,” थिया ओशाळून म्हणाली.

“मग मी जरा बाजूला उभा राहतो.”

आणि तो खरोखरच दोन पावलं सरकला! थियाला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की पाऊस पडतोय... अगदी बारीक, जानेवारीतला. झुडपांना कडवट, औषधी वास सुटला होता. त्याच्या दाट काळ्या भुवयांवर थेंब अडकले होते, आणि आपण त्या थेंबांकडे जरा जास्तच वेळ बघतोय, हेही तिच्या लक्षात आलं.

रूबेन आर्चुलेटा त्याचं नाव. राहणारा न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योलाचा, धंद्याने सुतार. हिवाळ्यात हजारो लोक आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे क्वार्टझसाइटला उतरतात, तेव्हा हाही आपली व्हॅन घेऊन येई आणि त्यांच्या घरांत खण, फळ्या, कप्पे बसवून देई. त्याने थियाच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि हळूच शीळ घातली.

“तुम्ही झोपता कुठे?”

“पलंगावर.”

“पलंग कुठाय?”

“त्या... त्या टॉवेलांच्या मागे.”

आता यात हसण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. थियाला खरं तर रडूच यायला हवं होतं. आठ दिवसांपूर्वी इकडे येताना तिचा मागचा टायर फुटला होता. गॅरेजवाल्याने गाडी काट्यावर चढवली आणि सांगितलं, “सातशे पौंड जास्त भरलेत. ते उतरवा, नाहीतर गाडी लांब नेऊ नका. पुढच्या घाटात नुसता टायर फुटून भागायचं नाही.” इथल्या मोकळ्या सरकारी जागेवर चौदा दिवसांच्या वर मुक्काम करता येत नाही, आणि त्यातले आठ संपले होते. शिवाय दूर उत्तरेला, घरी डुलुथला, तिचा भाऊ निल्स कंबर कसून बसला होता. “वजन उतरलं का ते शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव,” त्याने बजावलं होतं. “नाही कळवलंस तर मी ट्रक घेऊन निघतो. तुला गाडीसकट ओढत घरी आणतो. आईने तुझी खोली झाडून ठेवलीय.”

त्या खोलीत थियाला जायचं नव्हतं. काहीही झालं तरी जायचं नव्हतं.

“आधी सगळं बाहेर काढायचं,” रूबेन म्हणाला. “सामान बघितल्याशिवाय मी लाकडाला करवत लावत नाही. आणि ठेवायचं ते एकच, जे गाडीत रोज दोन कामं करील.”

“आणि बाकीचं?”

“बाकीच्याला निरोप.”

निरोप! म्हणायला काय जातं याला, असं थियाच्या मनात आलं. पण तिने मान हलवली.

शेजारच्या गाडीतल्या डेल्फीनबाईंनी अंथरायला निळी ताडपत्री दिली. डेल्फीनबाई सदुसष्ट वर्षांच्या, आवाज खणखणीत. येत्या रविवारी त्यांचं याच वाळवंटात लग्न होतं, ओटिस नावाच्या एका गप्प, गोड म्हाताऱ्याशी. “घालायला धड कपडा नाही गं मला,” त्या हसत सांगायच्या. “जीन्सवरच उभी राहणारेय मी पाद्र्यासमोर!” ताडपत्री देता देता त्यांनी तळावरचा कायदाही सांगितला. “हे बघ पोरी, निळ्या ताडपत्रीवर खुर्ची ठेवलेली असली, की माल मालकाचा. कुणी बोटही लावणार नाही. खुर्ची नसली, की ज्याला हवं त्याने उचलावं, विचारायचंसुद्धा नाही. तेव्हा खुर्ची विसरू नकोस हो.”

थियाने लगेच आपली घडीची हिरवी खुर्ची ताडपत्रीच्या मधोमध मांडली.

मग सामान बाहेर यायला लागलं. यायला लागलं ते संपेचना. बारा जणांचा जेवणाचा सेट. कणीक मळायचं एवढं मोठं यंत्र. चौदा टॉवेल, सगळ्यांना रेशमी कडा. झाकणाचं सूपाचं भांडं, त्याची वेगळी पळी.

“बारा ताटं?” रूबेनने विचारलं. “जेवायला कोण येणारेय?”

“कुणी नाही.”

“आणि तुमचं टेबल केवढंय?”

“दोघांचं. बसलं की कोपराला कोपर लागतं.”

“वा! आणि हा टेबलक्लॉथ?”

“...बारा जणांचा.”

“हरकत नाही. उरलेल्याचा तंबू ठोकू.” त्याने मोजपट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं. “एक विचारू? लोकांच्या कपाटांत डोकं घालून मला फार वेळ ‘तुम्ही’ म्हणता येत नाही. ‘तू’ म्हटलं तर चालेल?”

“तुझ्या पायावर भांडं पाडलंय मी,” थिया म्हणाली. “आता कसली लाज?”

मोजपट्टी सटकन गुंडाळली गेली आणि दोघांची बोटं एकमेकांवर आली. दोघांनीही ती काढायची घाई केली नाही.

पुढचे चार दिवस कसे गेले, ते थियाला कळलंच नाही. ती सकाळी दवाखान्यांचे अहवाल टंकून पाठवायची, तिचं ते काम कुठूनही करता येत असे. रूबेन ठाकठूक करत असायचा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मसाल्याच्या बाटल्यांची फळी आली. पायरीच्या पोटात बुटांचा खण आला. वळणावर आपोआप उघडू नये म्हणून प्रत्येक खणाला खटका बसला. संध्याकाळी तो हिरव्या मिरच्यांचा झणझणीत रस्सा करायचा. थियाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “आवडला म्हणून, की...?”

ताडपत्रीवरचा ढीग मात्र तसाच होता. रोज थिया त्यातली एखादी वस्तू ‘द्यायची’ म्हणून बाजूला काढायची आणि दुपारपर्यंत परत ठेवायची.

आणि एक लांबोडका पांढरा खोका होता, रुपेरी फीत बांधलेला. पलंगाखालची अख्खी जागा त्याने अडवली होती.

“हा उघडायचा नाही,” थिया पहिल्याच दिवशी म्हणाली होती. “याच्या मापाचा एक खण कर.”

“काय आहे त्यात?”

“नाजूक आहे.”

रूबेनने तिच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही.

त्या खोक्यात तिचा लग्नाचा गाऊन होता. एकदाही न घातलेला. चौदा महिन्यांपूर्वी, लग्न पाच आठवड्यांवर आलेलं असताना, ग्रेडीने फोन केला होता. तब्बल चार मिनिटांचा फोन! तोवर आहेर येऊन पडले होते, ताटं, टॉवेल, तीन-तीन भांडी. ती परत करायला निघाली तर पाहुणे म्हणाले, राहू दे गं, पुढे लागतीलच. पुढे म्हणजे कधी? डुलुथमध्ये सगळे तिच्याकडे मान तिरकी करून बघायला लागले. शेवटी तिने ही जुनी गाडी घेतली, सगळं आत कोंबलं आणि निघाली. टाकून द्यायला हात धजत नव्हता. टाकलं की सगळं खरं झालं असतं, म्हणून ती ते न झालेलं लग्न गाडीत घालून देशभर फिरत होती.

आणि हे रूबेनला सांगायचं कसं? सांगितलं की तोही मान तिरकी करणार... या भीतीने तिची झोप उडाली होती.

शनिवारी सकाळी ओटिस जीप घेऊन शहरात निघाला होता. थिया कपडे धुवायला त्याच्याबरोबर गेली. परत यायला तीन वाजले.

ताडपत्री रिकामी होती.

म्हणजे अगदीच रिकामी नाही, एका कोपऱ्यात एक वाकडा चिमटा होता. थिया बघतच राहिली. तेवढ्यात रूबेन दारात आला, केसांत भुसा, चेहऱ्यावर आनंद. “ये, ये! छताला सामानाची जाळी बसली बघ. स्टूल मिळेना, म्हणून तुझी खुर्ची—”

तो थांबला. ताडपत्रीकडे पाहिलं. मग मागे वळून आतल्या हिरव्या खुर्चीकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“थिया... मी... अरे देवा! खुर्ची मीच उचलली. आत ड्रिलचा आवाज, मला काही ऐकूच आलं नाही...”

“खोका?” थियाचा आवाज चिरकला. “आज खणाच्या मापासाठी पलंगाखालचं सगळं काढलंस ना तू? खोका कुठाय?”

“...ताडपत्रीवरच ठेवला होता.”

दोघं धावत सुटले.

पहिल्याच गाडीपाशी कॅनडाच्या चार आजीबाई पत्ते खेळत होत्या. पुढ्यात थियाची ताटं, ताटांत अ‍ॅपल पाय. “अगं बाई, तुझी का?” एकीने घाईघाईने घास गिळला. “थांब, आत्ता विसळून देते.”

“नको,” थिया म्हणाली. आपण हे काय बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. “राहू द्या. छान दिसतायत.”

रूबेनने चमकून तिच्याकडे पाहिलं.

कणकेचं यंत्र दोघा भावांकडे निघालं. उद्याच्या लग्नाचे पाव त्यांनी मळायला घेतले होते, हात कोपरापर्यंत पिठात. तेही राहिलं. पुढे एक दाढीवाला माणूस तीन ओल्या कुत्र्यांना रेशमी कडांच्या टॉवेलांनी पुसत होता.

“अहो, ते पाहुण्यांचे टॉवेल आहेत!” थिया म्हणाली.

“मग हे कोण?” त्याने शांतपणे कुत्र्यांकडे बोट दाखवलं.

थिया हसायला लागली. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दर गाडीपाशी तिचे खांदे थोडे सैल होत होते, श्वास जरा खाली उतरत होता. कुणाकडून काही परत मागावंसंच तिला वाटत नव्हतं. पण खोका? तो कुठे गेला?

खोका डेल्फीनबाईंकडे होता. त्या आपल्या दारात आरसा टेकवून उभ्या होत्या, अंगावर थियाचा पांढराशुभ्र गाऊन. घेर वीतभर वाळूत लोळत होता आणि बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

“पोरी, खुर्ची नव्हती गं... मला वाटलं, तू सगळं सोडलंस. उघडून बघते तर हा! पण तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय, काहीतरी चुकलंय. थांब, उतरवते.”

रूबेन गाऊनकडे बघत होता. मग त्याने थियाकडे पाहिलं.

“लग्नाचा आहे,” तो सावकाश म्हणाला. “तुमचा.”

तुमचा! चार दिवसांचं ‘तू’ गेलं कुठे?

“रूबेन, ऐक—”

“नाही, चूक माझीच. मी विचारायला हवं होतं.” तो मागे सरकला. “तो खण उद्या सकाळी बसवून देतो तुम्हाला. मापात झालाय.” आणि तो वळून चालायला लागला, पाठ एकदम ताठ.

थियाला त्याच्यामागे धावायचं होतं. पण डेल्फीनबाई मागचे हुक काढायला धडपडत होत्या. थियाने त्यांचे हात धरले. आणि मग, चौदा महिन्यांत जे कुणालाही धडपणे सांगितलं नव्हतं, ते तिने त्या बाईंना उभ्या उभ्या सांगून टाकलं. ग्रेडी, फोन, चार मिनिटं, सगळं.

डेल्फीनबाईंनी मान तिरकी केली नाही. “मेला कुठला!” एवढंच म्हणाल्या. “आता सांग, उतरवू का?”

थियाने गाऊनकडे पाहिलं. बाईंच्या अंगावर तो फार आनंदी दिसत होता. आपल्याला वाईट वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. पण वाईट वाटेचना! उलट छातीवरून कुणीतरी मोठा दगड बाजूला केल्यासारखं झालं.

“उतरवू नका,” ती म्हणाली. “हललात तर टाचणी टोचेल. घेर वर घ्यायला हवा.”

घेराला टाचण्या लागल्या तेव्हा पाच वाजायला आले होते. थियाने गाडी हळूहळू चालवत शहरात नेली आणि काट्यावर चढवली. काट्यावरच्या मुलीने आकडा वाचला. मर्यादेच्या खाली. वर साठ पौंड शिल्लक.

सहाला दहा कमी असताना तिने निल्सला फोन लावला.

“निघू नकोस.”

“नक्की?” निल्सने विचारलं. “बघ हं, थिया. आई काळजीत आहे.”

“आईला सांग, त्या खोलीत शिवणाचं मशीन टाक. केव्हापासून जागा शोधतेय ती.”

फोन ठेवून ती गाडीतच बसून राहिली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे तिला त्या काट्यावर कळलं. मागे कुणाच्यातरी ट्रकने हॉर्न दिला, तेव्हा कुठे ती हलली.

रविवारी सकाळी रूबेन खण घेऊन आला. आतून मऊ करड्या लोकरी कापडाने मढवलेला, कडा घासून गुळगुळीत. थियाकडे न बघता तो पलंगाखाली शिरला.

“बसला. तुमचा खोका आणा.”

“खोका नाही. गाऊन दिला मी डेल्फीनबाईंना.”

पलंगाखालून डोकं आपटल्याचा आवाज. “आणि लग्न?”

“आज दुपारी. त्यांचं.”

“तुमचं विचारतोय मी.”

“माझं चौदा महिन्यांपूर्वी मोडलं. नवरा मुलगा फोनवरच पळून गेला.” तिने एका दमात सांगितलं. “ती ताटं, ते टॉवेल, सगळे त्याच लग्नाचे आहेर होते. आता बाहेर ये, आणि मान तिरकी करून बघ माझ्याकडे. एकदाचं होऊन जाऊ दे.”

रूबेन बाहेर आला. कपाळाला टेंगूळ, मान सरळ.

“काल अख्खी संध्याकाळ मी या खणाला अस्तर लावत होतो,” तो म्हणाला, “आणि त्या नवऱ्या मुलाला शिव्या घालत होतो. एवढी चांगली मुलगी मिळतेय लेकाला, म्हणून.”

“मग थांबलास कशाला? घाल अजून.”

“आता त्याचे आभार मानावेसे वाटतायत.” त्याने टेंगूळ चोळलं. “थिया... तू मला आधी का नाही सांगितलंस गं?”

तू! थियाने डोळे मिटून घेतले. “ते जाऊ दे. आधी तू सांग, खुर्ची मुद्दाम काढलीस?”

“आईची शपथ, नाही! पण... काढायलाच हवी होती कुणीतरी.”

ती हसली. तोही हसला. पण पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं सिल्व्हर सिटीला काम ठरलं होतं, संध्याकाळी पूर्वेला निघायचं होतं. ती पश्चिमेला जाणार होती, समुद्र बघायला. आता गाडी हलकी होती, तिला कुठेही जाता येणार होतं. आणि हीच नेमकी पंचाईत झाली होती.

दुपारी लग्न लागलं. ओटिसने ‘हो’ इतकं हळू म्हटलं, की पाद्र्याने दोनदा विचारलं. “हो म्हणाला हो तो, पुढे चला!” डेल्फीनबाई ओरडल्या आणि सगळा तळ हसला. केक कापला गेला. मग पाहुण्यांची वही फिरायला लागली. फोटो पाठवायचे, म्हणून नाव आणि पत्ता लिहायचा होता. पत्त्याच्या रकान्यापाशी आल्यावर प्रत्येक जण थबकत होता. चाकांवर राहणाऱ्यांचा कसला आलाय पत्ता! कुणी लिहिलं ‘उन्हाळ्यात मोन्टाना’, कुणी लिहिलं ‘मुलीला विचारा’.

वही थियापुढे आली. नाव लिहून झालं. पत्ता... पेन अडलं. डुलुथचा पत्ता सवयीने हाताशी येऊन उभा राहिला. तो तिला लिहायचा नव्हता. वरच्याच ओळीत ठसठशीत सुतारी अक्षरात होतं: रूबेन आर्चुलेटा, द्वारा आई, आणि एस्पान्योलाच्या घराचा पूर्ण पत्ता.

थियाने मान वर करून पाहिलं. तो लांब उभा राहून आजीबाईंना केक वाढत होता, तिच्याच ताटांतून. तिने खाली बघितलं आणि एकच शब्द लिहिला.

‘वरीलप्रमाणे’.

मग वही तिने स्वतःच नेऊन त्याच्या हातात दिली. रूबेनने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“हे... चुकून?”

“नाही.”

“तिथे माझी आई राहते.”

“माहितेय.”

“ती सगळ्यांची पत्रं फोडून वाचते, थिया!”

“वाचू दे,” थिया म्हणाली. “लपवायचं काही उरलंय कुठे माझ्याकडे?”

तो तिच्याकडे बघत राहिला. केकचं ताट त्याने न बघताच कुणाच्यातरी हातात दिलं. “आणि समुद्र?”

“समुद्र कुठे पळून जातोय? सिल्व्हर सिटीचं काम किती दिवसांचं आहे?”

“दहा.”

“मग अकराव्या दिवशी तिथून दोघं समुद्राकडे निघू. पुढे माझी गाडी, मागे तुझी. चालेल?”

रूबेनने साखर लागलेल्या बोटांनी तिचा हात धरला, घट्ट, आणि दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला.

“कुणाला लावतोयस?”

“आईला,” तो म्हणाला. “आत्ताच सांगतो. नाहीतर तुझ्या नावाचं पहिलं पत्र आलं की पोस्टमनला विचारत बसेल, ही कोण म्हणून.”